किंमत नसलेलं मेनूकार्ड

मयेकरकाकांना मी दीड वर्षात एकदाही बसून जेवताना पाहिलं नव्हतं. सिंगापुरात यिशुन भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. सगळ्यांची जेवणं आटोपली की ते ओट्याशी उभे राहत, ताटली डाव्या हातात धरून पाच मिनिटांत जेवत आणि ताटली विसळूनच बाहेर येत. "काका, बसून जेवा की," असं मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं. "सवय नाही," एवढंच उत्तर आलं. मी पुण्याची, एका उत्तरावर गप्प बसायची आम्हालाही सवय नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली आणि न जेवताच खाली फिरायला निघून गेले. तिसऱ्यांदा म्हणायची माझी छाती झाली नाही.

आणि गंमत अशी, की सिंगापुरातल्या निम्म्या मराठी मंडळींना टेबलावर कसं बसायचं हे हाच माणूस शिकवत होता.

काका मूळचे मालवणचे. तीस वर्षं जहाजांवर काढली आणि चीफ स्टुअर्ड म्हणून निवृत्त झाले. चीफ स्टुअर्ड म्हणजे जहाजावरच्या खाण्यापिण्याचा सगळा कारभार पाहणारा आणि कॅप्टनच्या टेबलामागे उभा राहणारा माणूस. पाठीच्या दुखण्याने समुद्र सुटला. मग ते जहाजांना शिधा पुरवणाऱ्या एका कंपनीत गोदाम सांभाळायला लागले. बायको, म्हणजे माई, त्या वर्षी आजारी सासूजवळ मालवणात होत्या. घरात काका, त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी शुभदा आणि विद्यापीठात संशोधन करणारी मी, असे तिघे.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आपली बरीच मुलं तेव्हा बोटीवरून उतरून ऑफिसातल्या खुर्चीवर बसत होती. कुणाला साहेबाने बड्या हॉटेलात जेवायला बोलावलेलं असे, कुणाला जपानी पाहुण्यांना घेऊन जायचं असे. रविवारी सकाळी ही मुलं यिशुनला येत आणि दोनच प्रश्न विचारत: घालायचं काय आणि पैसे किती लागतील?

"आधी बूट दाखव," काका म्हणत. तपासणी नेहमी खालून वर. बूट, मोजे, पट्टा, मग कॉलर. कपाटात जुन्या चादरीत गुंडाळलेला एक गडद निळा कोट होता, तो गरजूला मिळे. कोट फिनेलच्या किंवा डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवायचा नाही, कारण हॉटेलच्या थंडगार हवेत तो वास सगळ्यात आधी बोलतो. खिशात काही कोंबायचं नाही. यिशुनहून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, बड्या हॉटेलांच्या ऑर्चर्डपर्यंत जायचं, कारण तेवढ्या लांबून टॅक्सी कशाला? पण स्टेशनपासून हॉटेलपर्यंतची दहा मिनिटं चालायचं नाही. तिथे टॅक्सी करायचीच. "घामेजलेला माणूस दारातच अर्धा होतो," हे त्यांचं वाक्य होतं. तो कोट किती जणांच्या अंगावर बसून मोठमोठ्या हॉटेलांत जेवून आला होता, देव जाणे. कोटाचा मालक तेवढा गेला नव्हता.

पैशांचं उत्तर त्याहून नेमकं असे. "मेनूवर छापलंय त्याच्यावर भुलू नको. आकड्याच्या शेपटीला तीन अधिकची चिन्हं असतात. एक सेवेचं, एक पर्यटनवाल्यांचं आणि एक हा नवीन जीएसटी. शंभराचे एकशे चौदा धरून चाल. पाणी विचारलं तर बर्फाचं साधं पाणी सांग, नाहीतर बाटली फोडतील. आणि आकड्याच्या जागी 'आजचा भाव' लिहिलं असेल, तिथे बोट ठेवायचं नाही."

मग तालीम. फॉर्मायकाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली जाई, स्टीलचे काटेचमचे ओळीने लागत आणि काका वेटर होत. त्यांच्या चेहऱ्यावरून तेवढ्यात काका निघून जात आणि दुसराच कुणीतरी येई, मान किंचित झुकलेला, कान टवकारलेला. कदम नावाचा एक इंजिनिअर होता, मनाने राजा. त्याने तालीम पक्की केली आणि प्रत्यक्ष जेवताना जपानी पाहुण्याच्या ताटात स्वतःच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून वाढला. वर "घ्या हो, लाजू नका" हे इंग्रजीत. दुसऱ्या रविवारी काकांनी त्याला तासभर झापलं. "मेल्या, आग्रह घरी! थंय ज्याचा ताट तेका!" काका चिडले किंवा घाबरले की त्यांची मालवणी बाहेर पडे. एरवी ते कंपनीच्या पत्रासारखं नीटनेटकं मराठी बोलत.

मलाही एकदा त्यांच्या शाळेत बसावं लागलं. आमच्या प्रोफेसरांनी परदेशी पाहुण्यासाठी एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवण ठेवलं होतं. काकांनी माझी साडी पाहिली, बांगड्यांचा आवाज ऐकला, त्यातल्या चार काढायला लावल्या आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या हातात येईल त्या मेनूत किमती नसतील. घाबरू नका."

"म्हणजे?"

"अशा ठिकाणी किमती एकाच मेनूत असतात. तो यजमानाला देतात. बाकीच्यांनी आकडे बघून जेवू नये म्हणून. तुम्ही आपली कोंबडी सांगा. कोंबडी कुठेही सगळ्यात महाग नसते."

"आणि वेटरला यजमान कोण ते कळतं कसं?"

"कळतं," काका म्हणाले. "त्याला दारातच कळतं. चुकलाच तर हळूच त्याला सांगायचं, मेनू माझ्याकडे दे. ज्याच्या हातात किमती, ते टेबल त्याचं."

तसंच झालं. किमती नव्हत्या, मी कोंबडी सांगितली आणि लाज राखून घरी आले.

मार्चमधल्या एका संध्याकाळी शुभदाने टेबलाशी बसून सांगितलं, की तिला लग्न करायचंय. मुलाचं नाव निखिल, तिच्याच बँकेत होता. काका ओट्याशी उभं राहून जेवत होते. त्यांनी मान हलवली, चेहरा खुलला. "घरचे कोण?"

"निखिल प्रधान. त्याचे वडील पण शिपिंगमधलेच आहेत, बाबा. कॅप्टन होते. आता इथे ऑफिसात आहेत."

काकांचा घास हातातच राहिला. "पहिलं नाव काय त्यांचं?"

"अरविंद."

काकांनी ताटली विसळली. नीट, नेहमीसारखीच. पण ताटलीत अर्धा भात होता आणि तो त्यांनी नळाखाली सोडून दिला होता. अन्न टाकताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शुभदा आत गेल्यावर मी विचारलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चौदा महिने मी त्यांच्या बोटीवर होतो. सकाळी सहाचा चहा मी नेऊन द्यायचो. वीस वर्षं झाली. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. वाईटपणाने नाही हो, तेव्हा पद्धतच होती. चीफ स्टुअर्डला सगळे बटलर म्हणायचे."

"मग त्यात काय? त्यांना आनंदच होईल."

"होईल ना. एकदा सुएझच्या अलीकडे सूपमध्ये कोळंबीचा रस पडला होता. त्यांना कोळंबी, खेकडा, शेवंड, काहीच चालत नाही. घसा सुजून माणूस निळा पडला. मी आणि सेकंड मेट दोघं त्यांना धरून बसलो होतो. नंतर चौदा महिने त्यांचं प्रत्येक सूप मी आधी हुंगायचो. शंका आली की वाटी उचलायची आणि म्हणायचं, साहेब, हे नको." काका जरासे हसले. "आनंद होईल त्यांना बटलर भेटल्याचा. व्याही भेटल्याचा होईल का?"

शुभदाने निखिलला सगळं खरं सांगितलं होतं. पण निखिलच्या आईने विचारलं तेव्हा मात्र ती "बाबा शिपिंगमध्ये होते" एवढंच बोलून थांबली होती. "आंटींना मी नुसतं शिपिंग म्हटलं," ती मला म्हणाली. "खोटं नाही ना ते? पण ताई, मला आता फार भीती वाटते, लाह." ती दहाव्या वर्षी इथे आलेली, घाबरली की तिचं मराठी सिंगापुरी होई, जसं बापाचं मालवणी होई.

पहिलं जेवण मुलीकडच्यांनी द्यायचं, असं काकांनी स्वतःच ठरवलं. घरी नाही. "घरी बोलावलं तर मी वाढायला उभा राहणार. उभा राहिलो की संपलं." म्हणून बाहेर, आणि बाहेर तर मग मोठ्याच ठिकाणी, ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये मी कोंबडी खाऊन आले होते तिथेच. सहा जणांऐवजी पाचच होते, माई नसल्यामुळे. मग शुभदाने मला गळ घातली की आपल्याकडून एक तरी बाई माणूस हवं. मला आतून नाही म्हणावंसं वाटत होतं. तरी हो म्हटलं.

ते दहा दिवस घरात नीट श्वास घ्यायची चोरी होती. काका आदल्या शनिवारी एकटेच जाऊन रेस्टॉरंटच्या दाराबाहेर काचेत लावलेला मेनू वाचून आले. येताना आकडा डोक्यात पक्का होता: सहा माणसांचे, तीन अधिक धरून, एक साधी वाइन धरून सहाशे डॉलर. गोदामातला महिन्याचा पगार त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. बँकेतून नव्या नोटा आणून त्यांनी पाकिटात ठेवल्या. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांना वाटत होतं ते वेगळंच.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही शास्त्र शिकलात. माणूस वीस वर्षांनी ओळखू येतो?"

"तुम्ही त्यांना ओळखाल?"

"मी? मी पाठमोरे ओळखेन."

"मग ते पण ओळखतील."

"नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते ताटाकडे बघत होते." मग म्हणाले, "तेव्हा मला मिशी होती. केस काळे होते."

मी चिडले. मला या लपवाछपवीचा मनापासून राग येत होता. "काका, फोन करून सांगून टाका की. तुम्हाला लाज वाटते का त्या कामाची?"

"लाज?" ते ताडकन म्हणाले. "त्या कामावर घर उभं केलंय, पोर शिकवलीय. लाज नाय वाटणा माका. पण आधी सांगितलं तर ते येतील बटलरकडे. न सांगता आले तर शुभाच्या बापाकडे येतील. एक वेळ तरी त्यांना शुभाच्या बापाबरोबर जेवू दे. मग काय कळायचं ते कळू दे."

जेवणाच्या दिवशी शुभदाने एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "बाबा, लांब बाह्यांचा बाटिकचा शर्ट घाला ना. इथे चालतो, फॉर्मलच असतो."

"बाटिक मंत्री घालतात," काका म्हणाले. "ज्यांना काही सिद्ध करायचं नसतं ते घालतात." आणि त्यांनी चादरीतून निळा कोट काढला. पहिल्यांदाच तो मालकाच्या अंगावर चढला. इतक्या जणांसाठी आत-बाहेर शिवून घेतला होता, की खांद्याला जरा सैल झाला होता. टायची गाठ त्यांनी तीनदा सोडून बांधली. ऑर्चर्डला उतरून आम्ही ठरल्याप्रमाणे टॅक्सी केली.

प्रधान मंडळी आधीच आली होती. कॅप्टन उंच, पांढऱ्या केसांचे, आणि अंगात लांब बाह्यांचा बाटिकचा शर्ट. शुभदाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मिसेस प्रधान मोतिया रेशमी साडीत होत्या आणि निखिलच्या कपाळावर त्या थंडगार हवेतही घाम होता. कॅप्टननी हात पुढे केला. "मिस्टर मयेकर, ग्लॅड टु मीट यू." त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मी मनात आकडे मोजत होते, एक, दोन, तीन. काही झालं नाही. ते हसले आणि टेबलाकडे वळले.

आणि तिथेच काकांच्या हातून चूक झाली. वेटर पुढे यायच्या आत काका मिसेस प्रधानांच्या मागे गेले आणि त्यांनी खुर्ची मागे ओढली. अलगद, आवाज न करता, बसणाऱ्याच्या गुडघ्यांना टेकेल तितकीच परत पुढे सारली. मग कॅप्टनची. मग सगळे बसेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट मिसेस प्रधान "थँक यू" म्हणाल्या, अगत्य समजून. पण वेटरने पाहिलं. वेटर लोक एकमेकांना ओळखतात.

मेनू आले. माझ्या मेनूत किमती नव्हत्या, ते अपेक्षितच होतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं. परत मागे उलटलं. मग शेवटचं पान पाहिलं. मेनू मिटून त्यांनी तो ताटाच्या डावीकडे कडेला सरळ लावून ठेवला, आणि मला कळलं की किमती तिथेही नाहीत. त्या कॅप्टनच्या हातात होत्या. निळा कोट, तीनदा बांधलेला टाय, टॅक्सी, नव्या नोटा, सगळं जागच्या जागी होतं आणि वेटरने बाटिकवाल्याला यजमान ठरवलं होतं.

हळूच सांगायचं, मेनू माझ्याकडे दे. शंभर मुलांना शिकवलेलं वाक्य. मी डोळ्यांनी त्यांना विनवत होते, सांगा ना. काका पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. कॅप्टनना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते चष्मा लावून मेनू वाचत होते आणि मिसेस प्रधान विचारत होत्या, "तुम्ही कुठल्या कंपनीत होतात, मिस्टर मयेकर? यांच्या ओळखीचे निघतील कुणी."

"बऱ्याच कंपन्या झाल्या," काका म्हणाले.

"डेक की इंजिन?" जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या या दोनच शाखा त्यांना ठाऊक होत्या.

शुभदाचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर आला. काकांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वेटरने सहा लहान कप आणून ठेवले. शेफकडून भेट, म्हणाला, आणि गेला. कपात केशरी रंगाचं, वर साय धरलेलं, वाफाळतं काहीतरी होतं. मिसेस प्रधानांचा प्रश्न हवेत राहिला. कॅप्टननी मेनूतून नजर न काढताच कप उचलला.

मला कसलाही वास आला नाही. काकांना आला. मी त्यांच्या शेजारी होते, त्यांची नाकपुडी हललेली मी पाहिली आणि त्यानंतरचा एक क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या क्षणात त्यांनी शुभदाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग खुर्ची मागे सरली, काका उठले, टेबलाला वळसा घालून कॅप्टनच्या उजव्या बाजूला पोचले आणि ओठांपाशी गेलेला कप त्यांनी हातातून काढून घेतला.

"साहेब, हे नको."

आवाज काकांचा नव्हता. त्या तालमीतल्या दुसऱ्या माणसाचा होता. कप त्यांच्या हातात, मान किंचित झुकलेली, डावा हात पाठीमागे.

कॅप्टननी आधी कपाकडे पाहिलं, मग कप धरलेल्या हाताकडे. मग फार हळू मान वर केली.

"बटलर?"

त्या टेबलावर तो शब्द ताटल्या फुटल्यासारखा ऐकू आला. निखिलने डोळे मिटले. मिसेस प्रधान एकदा नवऱ्याकडे, एकदा काकांकडे बघत होत्या. मग त्या शुभदाकडे वळल्या. "तू शिपिंग म्हणालीस."

"हो," शुभदा म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "शिपिंगच. बाबा चीफ स्टुअर्ड होते. मी तेव्हा पूर्ण सांगायला हवं होतं, आंटी. सॉरी."

"आत शेवंडाचा रस आहे, साहेब," काका अजून तिथेच उभे होते. "मी बदलून आणायला सांगतो." त्यांना बसताच येईना. समोर त्यांची रिकामी खुर्ची होती आणि ते तिच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीकडे बघावं तसं बघत होते. वेटर लांबून लगबगीने निघाला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं, आणि मला त्या कॅप्टनचा, त्या मोतिया साडीचा, कोटाचा आणि स्वतःचाही भयंकर राग आला.

कॅप्टननी चष्मा काढला. "सुएझ," ते बायकोला म्हणाले. "तुला सांगितलं होतं ना, मी गेलोच होतो म्हणून. ते हे." मग त्यांनी समोरचा मेनू उघडला, पुन्हा पाहिला आणि हात लांब करून काकांचा बंद मेनू स्वतःकडे ओढला. तोही उघडला. दोन्ही शेजारी धरले. इतकी वर्षं मोठ्या टेबलांवर जेवलेला माणूस; त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

वेटर येऊन उभा राहिला होता. त्याच्यादेखत कॅप्टननी किमती असलेला मेनू मिटला, दोन्ही हातांत धरला आणि टेबलावरून काकांच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला.

"देअर इज अ मिस्टेक," ते वेटरला म्हणाले. "द होस्ट इज मिस्टर मयेकर." आणि काकांकडे वळून मराठीत, "बसा. तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला जेवायला कसं मिळणार?"

काका बसले. आधी खुर्चीच्या कडेवर, मग हळूहळू मागे टेकून. मेनू उघडला. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी त्या वेटरला असा काही घोळात घेतला, की मी बघतच राहिले. कुठल्या सॉसमध्ये कसला रस, बटाटे कशात परतलेत, कुठलं ताट साहेबांपासून लांब ठेवायचं. वाइन विचारली, किंमत पाहिली, मान हलवून दुसरी सांगितली. सगळ्यांसाठी बर्फाचं साधं पाणी. मला न विचारताच कोंबडी. कॅप्टन ऐकत होते आणि पहिल्यांदाच ताटाकडे नाही, काकांकडे बघत होते.

मिसेस प्रधान शेवटच्या गोड पदार्थापर्यंत फारसं बोलल्या नाहीत. मनातून त्यांना पटलं का, ते मला आजही ठाऊक नाही. पण निघताना त्यांनी शुभदाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी सगळं सांगायचं. मला उगाच डेक की इंजिन विचारत बसायला लावलंस." बिल काकांनी दिलं. अंदाजापेक्षा अकरा डॉलर कमी आलं, हे मात्र त्यांनी मला एमआरटीत दोनदा सांगितलं.

लग्न त्याच वर्षी झालं. दोन वर्षांनी माझं काम संपलं आणि मी परत निघाले. तोवर माई परत आल्या होत्या. निघायच्या दुपारी खाली टॅक्सी उभी होती, माईंची डब्यात सोलकढी कशी नेता येत नाही याची हळहळ करून झाली होती. मी बॅग ओढत काकांना नमस्कार करायला स्वयंपाकघरात डोकावले. ओट्याशी कुणी नव्हतं.

काका टेबलाशी बसले होते. फॉर्मायकाच्या त्या टेबलावर, खिडकीकडच्या खुर्चीत, पाहुण्यांना बसवायचे तीत. पुढ्यात भात आणि बांगड्याचं तिकलं, आणि शंभर मुलांना जे कधी करू दिलं नाही ते करत होते: दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, हाताने, सावकाश जेवत होते. मी वाकले तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"खाली येत नाही का काका, टॅक्सीपर्यंत?"

त्यांनी काट्यातून मांस नीट सोडवलं, घास घेतला, चावून संपवला.

"नाही," ते म्हणाले. "आता उठाचंय नाय. जेवतंय मी."